काकांनी उघडलेला फ्रिज

श्यामसुंदरकाका आजही वर आले नाहीत. आज तिसरा दिवस. सकाळी स्वतःबरोबर आमचंही दूध आणतात, आमची पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवतात आणि घंटी न वाजवता खाली जातात. तब्येत ठीक असावी. नातीला, इराला घेऊन अंगणात फिरताना त्यांचं खाकरणं, तिच्याशी चाललेलं बोलणं मला वर ऐकू येतं. तरी काळजी मनातून जात नाही. परवा बुधवारी त्यांच्या नातीला त्यांच्या नकळत लस टोचून आणायची, असं मी कबूल करून बसले आहे. त्यांना कळलं तर काय, आणि नाही कळलं तरी काय, हे दोन्ही प्रश्न घेऊन मी कधीची बसले आहे. ध्रुव, माझा मुलगा, झोपलाय. श्रीपाद, माझा नवरा, ऑफिसच्या कामाने शिमल्याला गेलाय. बोलायला कुणी नाही म्हणून लिहिते आहे.

काका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदर खानझोडे. मूळचे अमरावतीचे. एअर फोर्समध्ये वीस वर्षं एसी आणि थंड करणाऱ्या यंत्रांवर काम केलं. शेवटचं पोस्टिंग चंदीगडचं, आणि मग इथेच राहिले. इंडस्ट्रियल एरियात, फेज टूमध्ये, एका सरदारजींबरोबर दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर, हॉटेलांच्या कोल्ड रूम, रक्तपेढीचे फ्रिज, सगळं केलं. पंजाबी सफाईने बोलतात, पण मराठी मात्र अजून वऱ्हाडीच. तीन वर्षांपूर्वी शशिकलाकाकू गेल्या. पुढे मुलाला मुलगी झाली आणि सुनेची रजा संपली, तेव्हा वर्कशॉप सरदारजींच्या हवाली करून ते घरी बसले. ईश्वरी, त्यांची सून, मोहालीला आयटीत आहे. मुलगा कुणाल डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत इरा आजोबांची. तिचं खाणं, शी-शू, झोप, सगळं हा अडुसष्ट वर्षांचा माणूस करतो. वेणी घालतो तीही तारेला पीळ द्यावा तशी घट्ट.

आमची ओळख झाली ती फ्रिजमुळेच. दोन वर्षांपूर्वी श्रीपादची नाशिकहून बदली झाली. ट्रक रिकामा झाला, मी फ्रिजचा प्लग हातात घेतला, आणि दारात एक उंच, टक्कल पडलेला माणूस उभा.

"हात काढ. पहिले हात काढ."

मी घाबरून प्लग सोडला.

"ट्रकमधी आडवा आणला असन. उद्यापर्यंत उभा राहू दे त्याले. सासरी आल्या आल्या तुले कोणी स्वयंपाकाले लावलं होतं का?"

"लावलं होतं," मी म्हणाले.

"मग तर तुले समजाले पाह्यजे," असं म्हणून ते थंड पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून गेले.

इथली मराठी घरं बहुतेक आमच्यासारखीच. फौजेतली, नाहीतर केंद्र सरकारी नोकरीतली, तीन-चार वर्षांनी उचलून दुसरीकडे ठेवलेली. नवं कुटुंब आलं की मराठी मंडळाचे सेक्रेटरी दोन नंबर पाठवतात. एक गॅस एजन्सीचा, दुसरा काकांचा. आम्हा बदलीवाल्यांना एक खोड असते. नव्या गावात विश्वास कुणावर टाकायचा हे आम्ही एकदाच ठरवतो आणि मग त्या माणसाला सगळंच विचारतो. शाळा कुठली, भाजी कुठून, मुलांचा डॉक्टर कोण. काका फ्रिज लावायला जात आणि तासाभराने त्या घराची सगळी घडी बसवून येत. मीही हेच केलं. ध्रुवच्या वेळी शेवटच्या महिन्यात इस्पितळात न्यायला गाडी त्यांनीच काढली होती.

त्यामुळे ते जेव्हा लसीबद्दल "थांबा जरा" म्हणू लागले, तेव्हा माणसं खरंच थांबली.

सुरुवात इरापासून झाली. ती आता सोळा महिन्यांची आहे. साडेतीन महिन्यांपर्यंतचे तिचे सगळे डोस जवळच्या एका नर्सिंग होममध्ये वेळेवर झाले. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस असते. ती काही झाली नाही. आधी सर्दी होती. मग दिवाळी. मग "अमरावतीले जाऊन येऊ, मग पाहू." अमरावतीहून येऊनही चार महिने झाले. ईश्वरी विचारायची, ते विषय बदलायचे. कुणाल म्हणायचा, बाबांशी कोण बोलणार.

गुढीपाडव्याला मंडळाचा कार्यक्रम होता. श्रीखंड वाढलं जात होतं. आश्लेषा म्हणून एक मुलगी, नवरा एअर फोर्समध्ये, महिनाच झाला होता येऊन. तिने काकांना विचारलं, "काका, बाळाचं पुढचं व्हॅक्सिन आहे, कुठे नेऊ?"

"थांब जरा," काका म्हणाले. "एवढी घाई काहून करून राहिली? उन्हाळा जाऊ दे."

माझ्या मांडीवर ध्रुव होता, रात्रभर झोपला नव्हता, मीही नव्हते. माझं डोकं फिरलं. त्याआधी महिनाभर मी त्यांना लेख पाठवत होते. एक जागतिक संस्थेचा, एक मराठी वर्तमानपत्रातला, एका बालरोगतज्ज्ञांचा व्हिडिओ. निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर यायचं नाही. मी धरून चालले होते की कुठल्यातरी ग्रुपवर काहीतरी वाचून त्यांनी मनात घेतलंय.

"काका," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "फ्रिज दुरुस्त करता म्हणून डॉक्टर झालात का तुम्ही?"

सगळे हसले. काकाही हसले. "बरोबर आहे न बाप्पा," म्हणाले, आणि श्रीखंडाचं पातेलं घेऊन दुसऱ्या पंगतीकडे गेले.

त्यानंतर ते वर येत राहिले, पण फक्त ध्रुवसाठी. मला सल्ला देणं बंद झालं. गिझर नीट चालत नाही म्हटलं तर म्हणाले, "कंपनीचा माणूस बोलाव."

मे लागला. इथला मे म्हणजे दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि दिवसातून दोनदा वीज जाते. गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीत एका चार वर्षांच्या मुलीला गोवर निघाला. तिला न्यूमोनिया झाला, अजून इस्पितळात आहे. ध्रुवला अजून नऊ महिने पूर्ण व्हायचे होते. इराचं वय उलटून गेलेलं. दोघं एकाच अंगणात खेळतात, एकमेकांच्या तोंडातली खेळणी तोंडात घालतात. मी दोन रात्री ध्रुवच्या कपाळावर हात ठेवून बसले. मग शुक्रवारी संध्याकाळी काका इराला घेऊन बागेत गेलेले पाहिले आणि ध्रुवला उचलून मागोमाग गेले. ठरवलं होतं, आवाज चढवायचा नाही.

ते बाकावर बसले होते. इरा गवत उपटत होती.

"काका, मागच्या गल्लीतलं कळलं ना?"

"समजलं."

"मग आता तरी सांगा. कशाची भीती वाटते तुम्हाला? कुणी काय पाठवलंय तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू मले व्हॉट्सॲपवाला समजून राहिली का इतके दिवस?"

 खरं तर तेच समजत होते.

"लस वाईट आहे असं मी कधी म्हटलं?" ते म्हणाले. "कुणालले सगळ्या दिल्या. मी स्वतः रांगेत उभा राहून करोनाच्या घेतल्या. लशीशी माझं भांडण नाही. माझं भांडण फ्रिजशी आहे."

मग त्यांनी सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"मागच्या वर्षी मे महिन्यात फोन आला. जिथं इराचे डोस झाले न, तेच नर्सिंग होम. म्हणे फ्रिज बंद पडला. गेलो. घरातला साधा फ्रिज. दारात पाण्याच्या बाटल्या, वर कोणाचा तरी डबा, मधात लशी. लशीले आठ डिग्रीच्या वर चालत नाही. मी थर्मामीटर ठेवला. एकतीस."

"किती वेळ बंद होता?"

"ते म्हणे कालपासून. पण कॉम्प्रेसर एका दिवसात जात नाही, रागिणी. महिना-महिना आधीपासून कुरकुर करते. थांबते, चालते. बाहेरून समजत नाही." ते इराकडे बघत होते. "काउंटरवर एक मॅडम होती. मी म्हटलं, मॅडम, ये सब खराब हो गया. ते म्हणे, अंकल जी, आप फ्रिज ठीक कर दो, बाकी डॉक्टर साहब देख लेंगे. मी केला ठीक. चार तास लागले. अन् तिनं माझ्यासमोर त्याच बाटल्या परत आत ठेवल्या. एक एक. फडक्यानं पुसून."

"डॉक्टरांना नाही सांगितलंत?"

"डॉक्टर आत पेशंट पाहत होता. बाहेर लाइन होती. मी म्हटलं उद्या येऊन सांगतो." त्यांनी इराच्या हाताची माती झटकली. "उद्या गेलो नाही. लाइनीत एक बाई होती, हातात इतकुसं लेकरू. तिनं मले विचारलं, अंकल, फ्रिज चालू हो गया? मी म्हटलं, हो गया."

इराने गवत आणून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. त्यांनी ते मुठीत धरून ठेवलं.

मी काय बोलायला हवं होतं ते आता दहा प्रकारे सुचतं. तेव्हा तोंडून निघालं ते असं: "मग तेव्हाच बोलायचं होतं ना, काका."

ते उठले. इराला कडेवर घेतलं. "बोलायचं होतं," म्हणाले, आणि गेले. तेव्हापासून ते वर आलेले नाहीत.

ज्या माणसाने मला हातात प्लग धरलेला पाहून दारातूनच थांबवलं, तो माणूस त्या दिवशी थांबवू शकला नाही. वर्षभर तो ते कुणालाही न सांगता वागवत होता, आणि नातीला पुन्हा कुठल्याच फ्रिजसमोर न्यायला त्याचा पाय उचलत नव्हता. ते "थांबा" म्हणत होते ते आश्लेषाला, मला, सगळ्यांना. कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि कारण कुणी विचारलंच नाही. मी तर लेख आणि व्हिडिओ पाठवले. त्यांतल्या एकाही वाक्याशी त्यांचा वाद नव्हता.

शनिवारी रात्री ईश्वरी वर आली. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात.

"ताई, बुधवारी ध्रुवची गोवराची लस आहे ना?"

"हो. सेक्टरच्या सरकारी डिस्पेन्सरीत."

"इराला घेऊन जा बरोबर. बाबांना सांग, बागेत नेते. मी तिचं लसीचं कार्ड तुझ्या पर्समध्ये ठेवते."

"तू का नाही नेत?"

"मी सुट्टी घेतली की विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही यार."

"मला येतं?"

"तुझ्या चेहऱ्यावरून कळत नाही काही," ती म्हणाली आणि हसली. मग लगेच डोळे पुसले. "ते नसते तर मला नोकरी सोडावी लागली असती. त्यांना दुखवून मी जाऊ कुठे? पण मागच्या गल्लीतली ती मुलगी... मला झोप नाही गं."

मला झोप नाही, तिला नाही, बहुतेक काकांनाही नाही. मी हो म्हणाले. फ्रिजबद्दल तिला माहीत नाही हे तिच्या बोलण्यातून कळत होतं. ते मी सांगितलं नाही. ते सांगण्याचा हक्क माझा नाही असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर धीरही झाला नाही.

पण काकांची गोष्ट ऐकल्यापासून मलाच शंका येऊ लागली आहे. बी.एस्सी. झालेली बाई मी, लेख पाठवणारी. रविवारभर मनात एकच: डिस्पेन्सरीतला फ्रिज? दोनदा वीज जाते त्याचं काय? शेवटी आज सकाळी ध्रुवला घेऊन तिथे गेले. तिथल्या जसविंदर सिस्टरने ध्रुवच्या कार्डवर तारीख पाहिली आणि म्हणाली, "बहनजी, आपका तो बुधवार है, आज क्यों?"

मी लाजत लाजत विचारलं, लस कुठे ठेवता ते बघता येईल का.

मला वाटलं हाकलून देईल. ती खुर्चीवरून उठली. "आओ." आतल्या खोलीत पेटीसारखा फ्रिज होता, वरून उघडणारा. झाकण उघडलं तरी गार हवा खालीच राहते, म्हणाली. वीज गेली तरी आतल्या बर्फावर कितीतरी तास निघतात. भिंतीवर वही लटकलेली, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेलं, खाली सही. मग तिने एक छोटी बाटली दाखवली. तिच्यावर जांभळा गोल होता आणि त्याच्या आत फिका चौकोन.

"गरमी लगी तो ये चौकोर काला पड़ने लगता है। गोले जितना गहरा हो गया तो फेंक दो। मैं हर माँ को दिखाने को तैयार हूँ, पर कोई पूछता ही नहीं। या तो चुपचाप लगवा लेते हैं, या भाग जाते हैं।"

 सुटल्यासारखं वाटलं. मी तिला म्हणाले, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, फ्रिजचं काम करतात, त्यांना हे पाहू द्याल?

"ले आओ. चाय भी पिला देंगे. हमारा कूलर भी खड़खड़ करता है, वो भी देख लेंगे."

मग मी पर्समधून इराचं कार्ड काढलं. बुधवारी ही पण येईल म्हणून सांगितलं. तिने ते उलटसुलट पाहिलं. मी विचारलं, मोघमच, की आधीचे डोस कदाचित नीट न ठेवलेल्या फ्रिजमधले असले तर? सिस्टरचा चेहरा बदलला. खराब झालेल्या लशीने सहसा अपाय होत नाही, ती म्हणाली, पण उपयोगही होत नाही. मूल सुरक्षित आहे असं घरचे समजतात आणि ते नसतं. गोवराची लस देता येईल, ती वेगळी. पण आधीच्या तीन वेळचं डॉक्टरांना दाखवावं लागेल. फ्रिज कधी बिघडला होता, नक्की काय पाहिलं, ते ज्याने पाहिलं त्याने सांगितलं तर डॉक्टर पुन्हा द्यायचं की नाही ते ठरवतील. "और बाकी बच्चे? जिनको वहाँ लगा?" तिने विचारलं. "उनका भी तो किसी को बताना पड़ेगा, बहनजी."

दुपारपासून मी याच्याशीच झगडते आहे. बुधवारी मी इराला चोरून नेलं तर एक सुई होईल. आठवड्याने तिला ताप आला, या लशीनंतर काहींना येतो, तर काका त्याचा दोष स्वतःवर घेतील आणि त्यांना कारणही कळणार नाही. आणि आधीचे डोस तसेच संशयात राहतील, कारण ती तारीख, ते एकतीस, त्या पुसलेल्या बाटल्या, हे सगळं फक्त एका माणसाला माहीत आहे. त्याला वगळून इराला वाचवता येत नाही. पर्समध्ये कार्ड लपवून मी नेमकं त्यालाच वगळायला निघाले होते.

इथवर लिहून झाल्यावर ईश्वरीला मेसेज टाकला: चोरून नको. उद्या सकाळी मी बाबांशी बोलते. तुझं नाव घेणार नाही. तिने वाचलंय. उत्तर नाही. रागावली असेल. रागावू दे. तिलाही काही गोष्टी कळायच्या आहेत, आणि त्या माझ्याकडून कळायला नकोत.

काका नाही म्हणू शकतात. "आता काय उपयोग," म्हणतील. किंवा ऐकून घेतील आणि येणार नाहीत. मला खात्री नाही. पण समोर गेले तर ते इराचं काहीतरी काम काढतील, घरात कुणाल असेल, बोलणं होणारच नाही. सकाळी सव्वापाचला ते दुधासाठी निघतात. बूथवर गाडी यायला वेळ असतो, तेवढा वेळ एकटे उभे असतात. तेव्हाच फोन करीन. आधी शुक्रवारच्या बोलण्याची माफी मागेन. पाडव्याचीही. मग सांगेन, काका, बुधवारी ध्रुवला लस द्यायची आहे आणि मला भीती वाटते आहे, तुम्ही आधी डिस्पेन्सरीतला फ्रिज पाहा आणि मग मला हो म्हणा. ही भीती खोटी नाही, त्यामुळे खोटं बोलावं लागणार नाही. इराचा विषय मी काढणार नाही. तिथे पाहून झाल्यावर त्यांना सिस्टरशी काय बोलायचं, घरी येऊन ईश्वरीला काय सांगायचं, ते त्यांनी ठरवायचं. मी बाजूला उभी राहीन.

पावणेपाचचा गजर लावला आहे. काकांनी फोन पहिल्यांदा उचलला नाही तर पुन्हा लावीन.